हललं तरच दिसायचं

आईची नजर गेली असं सगळे म्हणत, पण ते खरं नव्हतं. थांबलेलं काही तिला दिसत नसे, एवढंच. कोनाड्यातला दिवा, चुलीजवळचा हंडा, दारात उभा असलेला माणूस, सगळं तिच्या लेखी धुकं. तोच माणूस चार पावलं चालला की आधी त्याची चाल, मग खांदे, मग तोंड असा तो हळूहळू गोळा होई आणि ती त्याला ओळखून हाक मारी. नागली पाखडताना उडालेला दाणा तिला दिसायचा, सुपात परत पडला की नाहीसा व्हायचा.

मी तेव्हा जव्हारला मास्तर होतो. तिला संस्थानच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि काही उपाय नाही म्हणून मान हलवली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मान हालवली तवा दिसला. बरा हाय की दिसायला." मला हसू आलं आणि रडूही.

ती साखरशेतला माझ्या थोरल्या भावाकडे राहायची. त्या वर्षी तापाची साथ आली आणि दादा अंथरुणाला खिळला. निरोप मिळताच मी पायी निघालो. पोचलो तर तो घोंगडीखाली उताणा, हात अंगाला चिकटवून पडलेला. आमच्या पाड्यावर समज असा, की साथ घरोघर डोकावत फिरते आणि हलत्या माणसाला धरते. निपचित पडलेल्याला मेलेला समजून पुढे जाते. अंगारा देणाऱ्या भगतानं बजावलं होतं, बोटसुद्धा हलवायचं नाही. मी चिडलो. त्याला पाणी पाजा, कुशीवर वळवा, म्हणून वहिनीवर ओरडलो. पण माझं शहाणपण तिथे कोण ऐकतो!

आई त्याच्या उशाशी बसून होती आणि तिला तो दिसत नव्हता. कपाळावर हात ठेवला की ताप कळे, पण तोंड दिसेना.

"पोरा, जरासा हाल ना रं. एकडाव तोंड बघू दे."

दादानं डोळे उघडले आणि कसंबसं डोकं या बाजूवरून त्या बाजूला नेलं, पुन्हा परत आणलं. आईचा चेहरा उजळला. मग एकदम भानावर येऊन तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"बस, बस. नको हालू. मी नाय बघत."

त्यानंतर तिनं एकदाही मागितलं नाही. तो बरा झाला की अंगणात चालेल, तेव्हा पोटभर बघीन, असं वहिनीला सांगत राहिली. मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शेजारी बसूनही तिला कळलं नाही. आम्हाला सांगावं लागलं.

तिरडी अंगणात बांधली, तरी तिच्यापुढे धुकंच. आम्ही खांद्यावर उचलली आणि बांधावरून उतरायला लागलो. चालीबरोबर दादाचं डोकं दोन्ही बाजूंना डुलत होतं. मागून आई ओरडली, "दिसला! दिसला माझा पोर! थांबा!"

कुणाचा पाय पुढे पडेना. आम्ही उभे राहिलो. मी मागे वळून पाहिलं तर दारात ती डोळे फाडून बघत होती आणि तिचा चेहरा विझत चालला होता.

"चाला," ती म्हणाली, "चाला रं."

आम्ही त्याला घेऊन निघालो.