वाशीच्या उतारावरचा चर

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि महिनाभर घरी बसलो. तेवढ्यात घरच्यांना माझा आणि मला घराचा कंटाळा आला. मी सॅपर, म्हणजे इंजिनियर रेजिमेंटचा माणूस. उमेद होती तोवर डोंगर कापून रस्ते केले. त्यामुळं वाशीजवळ डोंगराच्या उतारावर वसतिगृहाचं बांधकाम निघालं, तेव्हा साइट इनचार्जची नोकरी धरली. सोबतीला हवालदार मिलिंद वाघमारेला बोलावून घेतलं. कळंबचा गडी, माझ्याच कंपनीतला. इथंही तो मला सर म्हणायचा आणि रोज सकाळी सावधान उभा राहून रिपोर्ट द्यायचा. मजूर हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

उतारावरच्या साइटवर खरा शत्रू पाणी. गवत-झुडपं काढली की माती उघडी पडते आणि पावसाबरोबर चालू लागते. फौजेत आम्हाला दोन गोष्टी घोटून शिकवल्या होत्या. डोंगरावरून येणारं पाणी साइटवर येऊच द्यायचं नाही, वरच्या वर ओढ्याकडं वळवायचं. आणि साइटवर पडलेलं पाणी खड्ड्यात थांबवायचं, गाळ खाली बसला की मगच बाहेर सोडायचं. मातीच्या ढिगांवर आम्ही ताडपत्र्या टाकल्या, कडेनं वाळूच्या गोण्या रचल्या. वाघमारे एकेक गोणी बुटानं दाबून बघायचा.

पण मला झोप लागत नव्हती. कारण डोंगरावर आधीच चर होते, आणि ते पाणी वळवायला नव्हे, अडवायला खणलेले होते. गावानं श्रमदान करून पाणी जिरवायला ते काढले होते. उन्हाळाभर टँकरमागं धावणाऱ्या माणसाला पाणी वाहू द्या म्हणायचं, म्हणजे ताटातलं अन्न सांडा म्हणण्यासारखं. एरवी मीही त्या चरांना हात जोडले असते. पण सगळ्यात खालचा चर आमच्या खोदाईच्या बरोबर डोक्यावर होता. डोंगराचा पाय आम्ही कापलेला आणि वर पाणी मुरतंय. माती आतून भिजून जड झाली की कडा खाली बसणारच. कड्याखाली मजुरांच्या झोपड्या होत्या. त्या हलवा म्हणून मी कंत्राटदाराच्या मागं लागलो होतो. तो रोज ‘उद्या’ म्हणायचा.

श्रमदानाचे म्होरके खंडूतात्या. मेंढरं राखणारा, साठी उलटलेला माणूस. आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो.

“तात्या, तेवढ्या एका चराचं तोंड ओढ्याकडं फोडू द्या,” मी म्हणालो.

“सुभेदार, गावानं लई घाम गाळलाय तिथं. अडवल्यालं पाणी सोडून देयाचं व्हय?”

“खाली माणसं राहतात.”

“डोंगर हाय तिथंच हाय. आमच्या आज्यापासनं बघतुय. न्हाय पडायचा.”

“आज्याच्या वेळंला त्याचा पाय कुणी कापला नव्हता, तात्या,” वाघमारे म्हणाला.

तात्यांनी वर डोंगराकडं पाहिलं. मग उठले. “उद्या सांजच्याला गाव बसवतो. चार जणांचं ऐकू.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी साइटवर नुसता येरझाऱ्या घालत होतो. जेवणाचा डबा उघडून तसाच बंद केला. दुपारी आभाळ काळंभोर झालं आणि गावाची बैठक बसायच्या आत पाऊस कोसळला. एवढा, की समोरचं मिक्सर मशीन दिसेना. मी वॉकीटॉकी उचलला.

“वाघमारे, पोझिशन सांग. ओव्हर.”

“वर चरापाशी, सर. चर काठोकाठ भरलाय. खाली कड्याला भेग पडलीय. ओव्हर.”

आता गावाला विचारायला वेळ नव्हता.

“झोपड्या मी रिकाम्या करतो. तू चर फोड आणि लगेच मागं हट. ओव्हर.”

“रॉजर. सर, तात्या आलेत इथं. कुदळ घेऊन. ओव्हर.”

मी बटण दाबलं. “अडवतायत का?”

“न्हाय सर. फोडू लागलेत.”

मी शिट्टी फुंकत झोपड्यांकडं पळालो. माणसं निघाली. एक बाई पिठाचा डबा घेतल्याशिवाय हलेना, तिला डब्यासकट ओढून बाहेर काढली. सगळे रस्त्यापलीकडं पोचले तेव्हा वॉकीटॉकी खरखरला.

“चर फुटला, सर. पाणी ओढ्याला लागलं. ओव्हर.”

“शाब्बास. मागं हट. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. कड्याचा एक भाग आवाज करत खाली आला आणि रिकाम्या झोपड्या गाडल्या गेल्या. उरलेला कडा पाणी निघून गेल्यामुळं थांबला. मजुरांतलं एकही माणूस दगावलं नाही. वाघमारे मात्र संध्याकाळी मातीखाली सापडला. वॉकीटॉकी हातात घट्ट होता. मी फौजेत पुष्कळ मरण पाहिलं, पण त्या दिवशी मजुरांसमोर बसून रडलो.

तात्या वाचले होते. वर काय झालं विचारलं तर नुसती मान हलवायचे. मीही फार खोदून विचारलं नाही.

आमच्याकडं कळंबला दरवर्षी माजी सैनिक जमतात आणि तालुक्यातल्या शहीद जवानांची नावं वाचतात. वाघमारेचं नाव त्यात नसतं. तो निवृत्त होऊन साइटवर मेला, युद्धात नाही. नियम बरोबर आहे. मला तो सोसत नाही, एवढंच. यंदा नावं संपली आणि मी न विचारता उभा राहिलो.

“हवालदार मिलिंद वाघमारे,” मी म्हणालो.

नावं वाचणारा तरुण गोंधळला. “कुठल्या आघाडीवर, सुभेदारसाहेब?”

पुढच्या रांगेत वाघमारेची बायको बसली होती. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मंडपाच्या मागून कुणीतरी बोललं. खंडूतात्या होते. वाशीहून एसटीनं आले होते, मला न सांगता.

“आमच्या डोंगरावर,” तात्या म्हणाले. “काठ खचला तवा म्या पुढं हुतो. त्यांनी मला माघारी वढलं.”