पोकळ यानाचं वजन

१८ जानेवारी. दुपारी दादाची बॅग भरायला बसले. स्वेटर, औषधं, लघवीचं भांडं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मुलगा निलेश गाडी घेऊन येणार होता आणि त्याला अमरावतीहून कायमचा पुण्याला नेणार होता.

दिगंबरदादा माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, विधुर, माझ्या शेजारच्याच घरात राहणारा. त्याला नाद एकच, कथा-सिनेमांतली प्रचंड अवकाशयानं. यान किती वेगानं जातं, कोणाशी लढतं, याच्याशी त्याला घेणं नसे. "आधी वजन सांग," म्हणायचा. त्याच घडणीचं यान दुप्पट लांब केलं की वजन आठपट होतं, हे लेखक विसरतात, असं त्याचं म्हणणं. ते मला पटवायला त्यानं एकदा माझे गव्हाचे डबे ओट्यावर रिकामे केले. निवडलेले गहू होते.

वाद घालायला अकोल्याचे रफिकभाई. दोघं पॉलिटेक्निकचे सोबती. रफिकभाईंचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. दर रविवारी पॅसेंजरनं यायचे. एका यानावर तर दोघांनी अख्खा उन्हाळा काढला. ते बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर, पुरेल एवढं लांब, आणि वजन लिहिलेलं इतकं कमी, की दादाच्या हिशेबानं ते हवेपेक्षा हलकं ठरत होतं.

"इंजिन कायले पायजे याले? दोरीनं बांधून ठेवा, नाही तं उडून जाईन."

रफिकभाई म्हणायचे, ते आतून पोकळ आहे, माणसं राहतात त्यात.

"तुह्या ट्रकची बॉडी बी पोकळच असते ना बे? मंग काट्यावर वजन काहून येते?"

हार कोणीच मानली नाही. दादानं तर आयुष्यात कोणालाच सहज हो म्हटलं नाही. साहेबांनाही नाही, त्यापायीच त्याच्या बदल्या झाल्या.

दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, हो. निलेशनं फोनवर विचारलं, बाबा, पुण्याला येता ना? दादा हो म्हणाला, आणि ठरलं. मला खटकलं. पण माझी शाळेची नोकरी, आणि त्याला एकटीनं उचलणं माझ्यानं होत नाही. कशाच्या जोरावर अडवणार?

त्या दुपारी रफिकभाई निरोप घ्यायला आले. खुर्ची खाटेजवळ ओढली आणि मुद्दाम म्हणाले, "दिगंबर, ते यान हलकंच होतं. लेखकाचंच बरोबर."

"हो," दादा म्हणाला.

"तू चुकला होता."

"हो."

रफिकभाईंनी त्याचा हात धरला. "नाही म्हण ना बे, यार. एक डाव."

"हो." दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

रफिकभाई चहा न घेता उठले. संध्याकाळी मी निलेशला फोन करून सांगितलं, की दादाच्या होकारावर जाऊ नको.

"मले समजते आत्या," तो म्हणाला. "पण दुसरा उपाय सांग."

मी फोन ठेवला आणि दादाच्या बॅगेची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी दादाला गाडीत बसवलं. निलेश बॅग ठेवायला मागे गेला, तेवढ्यात मी वाकून विचारलं, "दादा, तुले नाही जायचं ना?"

"हो," तो म्हणाला.

मी त्याचा पट्टा लावला आणि दार बंद केलं.