घोडीचं शेपूट

जिंतूरला नर्सिंग शिकणारी माझी नात सुट्टीला आली की मोबाईलवर झोंबींची मालिका बघते. मेलेली माणसं उठून जित्यांना खातात. परवा दुपारी मीही शेजारी बसलो. नायक आणि त्याचा मित्र शंभरेक मढ्यांच्या गराड्यात सापडले.

"आता काय वाचत न्हाई हा," मी म्हणालो.

"आजोबा, त्याला काय होत न्हाई. तो मेला तर मालिका कशी चालंल?"

"आन् तो दुसरा?"

"तो मरायसाठीच घेतलेला असतो."

तसंच झालं. मित्राचे लचके तुटले आणि नायक अंग झटकून बाहेर आला. अंगावर साधा ओरखडा नाही. मला ते पटलं नाही. एवढ्यातून सुटलेल्या माणसाच्या हातून काहीतरी झालेलं असतं, ते मालिकावाल्यांनी दाखवलं नव्हतं.

मीही दाखवलेलं नाही.

आम्ही मेंढरं राखणारे. तरुणपणी मी आणि माझा थोरला चुलतभाऊ दुधना नदी ओलांडत होतो. मेंढरं पलीकडं गेली होती, पाणी चढत होतं. घोडीचं शेपूट धरून पार व्हायचं, ही आमची रीत. पण आधी तिच्या पाठीवरचं बिऱ्हाड उतरवायचं, आणि एका शेपटाला एकच माणूस. घाईत आम्ही बिऱ्हाड तसंच ठेवलं आणि दोघांनीही शेपूट धरलं. मधल्या धारेत घोडी बुडायला लागली.

मी एकटाच काठाला लागलो. वाहत्या कोकरामागं जायला त्यानं शेपूट सोडलं, असं गावात सांगितलं. लोक म्हणाले, तुझी दोरी बळकट. वहिनी मात्र चाळीस वर्षं एकच म्हणत आली, "माझ्यापेक्षा त्यांना कोकरू मोठं होतं."

मालिका बघितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ओट्यावर गेलो. ती तूर पाखडत होती.

"वहिनी, दादानं शेपूट सोडलं न्हवतं. मी त्याची बोटं उकलली."

सूप थांबलं. तिनं विचारलं, "आन् कोकरू?"

"कोकरू न्हवतंच."

"लय घट्ट धरलं होतं का त्यांनी?"

"लय. दोनदा उकलावी लागली."

"म्हंजे त्यांना घरी यायचं होतं," ती म्हणाली.

मला तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी निघालो तेव्हा पाठीमागून बोलली, "भावजी, हे गावाला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

चावडीवर सांगून आलो. तिथं नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं.