माझ्या जाऊबाईंची लोकर

अन्याय करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण अन्याय करून वर "आता जरा चहा टाक" म्हणणारी मी एकच पाहिली. ती म्हणजे माझी थोरली जाऊ. बेंबळीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यामुळे गेली बावीस वर्षं हा अन्याय मला घरपोच मिळतो. त्या वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, अंगाने माझ्या निम्म्या, आणि अधिकाराने कुणाच्या किती ते अजून मोजून व्हायचं आहे. आमच्या भागात थंडी पाहुण्यासारखी येते आणि पंधरा दिवसांत निघून जाते. अशा गावात या बाईने विणकामाचा ध्यास घ्यावा आणि तो आम्हा तिघीजणींच्या गळ्यात मारावा, इथूनच माझी तक्रार सुरू होते.

लोकर खरेदी करायची ती भर वैशाखात, हा त्यांचा पहिला नियम. "थंडीत दुकानदार आपल्याला वळखत न्हाय. उन्हाळ्यात गेलं की खुर्ची देतो," असं त्यांचं म्हणणं. यंदाही तसंच झालं. माझ्या लेकीला दिवस गेलेले, पहिलंच बाळ, बाळंतपण माझ्याकडे. दसऱ्याच्या सुमारास बाळ येणार होतं आणि त्याच्या बारशाला मी स्वतः विणलेला स्वेटर त्याच्या अंगात घालायचा, एवढी एकच हौस मी धरली होती. बाकी सगळं सासरच्यांनी आणावं, पण स्वेटर आजीच्या हातचा. ही हौस मी जाऊबाईंना सांगितली ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या एसटीने आम्ही धाराशिवला निघालो. सोबत पोस्टातून निवृत्त झालेली माझी मैत्रीण आणि समोरच्या वकिलीणबाई. स्टँडवर उतरल्यावर जाऊबाई परतीच्या गाडीच्या पाटीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "वाच गं. लई शिकलीस ना, जरा कामाला येऊ दे." चारचौघींत असं बोलायचं काही कारण होतं का? मी दात-ओठ खात वाचून दाखवलं.

दुकानात त्यांचं वागणं पाहून तर शरमेने मान खाली जाते. लोकरीचा प्रत्येक गुंडा त्या आधी कानामागे घासतात. तिथे टोचला तर तो बाद. मग तो घेऊन रस्त्यावर उन्हात जातात, कारण "ट्यूबलाइट खोटं बोलती." आम्ही मात्र आतच थांबायचं, कारण निवडलेल्या लोकरीवर लक्ष कोण ठेवणार? दुकानदार बिचारा तीस वर्षांचा धंदेवाला, पण आम्ही त्याच्या मालावर पहारा देत उभ्या. त्या दिवशी तर एकेका गुंड्याला त्या इतका वेळ उन्हात धरून उभ्या राहिल्या की वकिलीणबाईंनी पदर डोक्यावर घेऊन दुकानाच्या पायरीवरच बसकण मारली.

मला फिकट लिंबोणी रंग हवा होता. चार गुंडे लागणार होते आणि खोक्यात निघाले तीनच. दुकानदाराने चौथा दुसऱ्या खोक्यातून काढला. मला तो आतल्या उजेडात जरा निराळा वाटला, तसं मी म्हणालेही. जाऊबाईंनी तो उचलला, उन्हात गेल्या, बराच वेळ धरला आणि परत येऊन पिशवीत टाकला. "एकच हाय. बांधा." मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुला रंग कळतो का मला?" आता बावीस वर्षांत या प्रश्नाचं दुसरं उत्तर कुणी दिलेलं नाही, म्हणून मीही दिलं नाही.

तिथून उसाच्या रसाच्या दुकानात बसून कुणी काय विणायचं याचं नियोजन झालं. नियोजन म्हणजे त्यांनी सांगायचं आणि आम्ही रस प्यायचा. वकिलीणबाईंना मोराच्या नमुन्याची शाल करायची होती, त्यांच्या वाट्याला पायमोजे आले. "आधी टाच वळवायला शिका, मोर कुठं उडून जात न्हाय." पोस्टातल्या मैत्रिणीला क्रोशाची पिशवी हवी होती, तिला मफलर मिळाला. माझा स्वेटर तेवढा मंजूर झाला, पण लोकर माझ्या हाती आली नाही. ती त्यांच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात राहणार. एक गुंडा विणून दाखवायचा, मगच दुसरा मिळायचा. माझ्या पैशाची लोकर, माझ्या लेकीचं बाळ, आणि मी त्यांच्या दारात रेशन घ्यायला उभी!

दाखवायचं म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. या बाईंना चूक सहन होत नाही. चूक दिसली की त्या एकच शब्द बोलतात, "उसव." एकदा तुळजापुरात पौष महिन्यातल्या एका लग्नात माझे यजमान मी विणलेला स्वेटर घालून पंगतीत बसले होते. या मागून वाढत आल्या आणि पाठीवर नजर गेली. "भावजी, काढा बरं ते." जेवणं उरकेपर्यंत स्वेटर काखेपर्यंत उसवला गेला होता आणि लोकरीचा नीट गुंडा होऊन तो माझ्या ओटीत पडला होता. रात्री मोटारसायकलवरून यजमान थरथरत घरी आले आणि आठवडाभर माझ्याशीच बोलले नाहीत. त्यांच्याशी नाही, माझ्याशी!

तर वैशाखापासून मी विणत होते. पाठीचा भाग चार वेळा उसवला. आषाढात लेक माहेरी आली, ती माझं तोंड बघून म्हणाली, "आई, विकतचा आणू या का?" मी तिच्यावरच ओरडले. जाऊबाईंनी तोवर एक नवीन थाट सुरू केला होता. विणलेलं काम मांडीवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि नुसती बोटं फिरवत राहायचं. देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखं! मी मैत्रिणीला म्हणालेसुद्धा, आता यांना बघायचीसुद्धा गरज वाटत नाही, इतका गर्व झालाय.

भाद्रपदात दोन्ही बाह्या राहिल्या आणि चौथा गुंडा माझ्या हातात आला. अंगणात येऊन मी तो अंगाच्या भागाशेजारी धरला. लिंबोणी कसला, तो चक्क सायीच्या रंगाचा होता. आंधळ्यालासुद्धा कळावं असा फरक! दुकानात फोन केला, तो रंग कधीच संपलेला. लेकीला नववा लागलेला, उसवून नव्याने सुरुवात करायला दिवस उरले नव्हते. मी सगळं कवटाळून तशीच भिंतीपलीकडे गेले. चार महिने साठलेलं आणि बावीस वर्षं मुरलेलं सगळं आज बोलून टाकायचं, असं ठरवूनच गेले.

त्या उंबऱ्यात उजेडाला बसल्या होत्या. मी दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. "जाऊबाई, हा एकच रंग आहे?"

त्यांनी हातात घेतलं. उजेडाकडे केलं, जवळ आणलं, लांब धरलं. मी पुढचं वाक्य तयार ठेवून उभी होते. मग त्यांनी विचारलं,

"ह्यातला कुठला कुठला हाय गं?"

मी खाली बसले.

"मोतीबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "दोन्हीत. चैत्रातच डॉक्टर बोलला."

"मग ऑपरेशन का नाही केलंत?"

"महिनाभर मान खाली घालायची न्हाय म्हणला. मग तुझ्याकडं कोण बघणार? तुझ्या हातावर सोडलं असतं तर लेकराच्या पाठीला बाही लागली असती." वर म्हणाल्या, "आन् वकिलीणबाईला सांगू नकोस. ती मोर काढाय बसंल."

खरं सांगते, मला आधीपेक्षा जास्त राग आला. रंग कळत नसताना मला गप्प बसवल्याचा आला, चार महिने शेजारी बसून एका शब्दाने न सांगितल्याचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो माझाच. बसची पाटी मला वाचायला लावली होती, उन्हात गुंडे धरून धरून त्या घामाने भिजल्या होत्या, आणि मी त्याला गर्व म्हणत होते. मी खूप बोलले. रडत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हेही पहिल्यांदाच घडलं.

मग मी सायीच्या रंगाच्याच बाह्या विणल्या. मैत्रिणींना सांगितलं, दोन रंगांचाच बेत होता. दिवाळीनंतरच्या सोमवारची ऑपरेशनची तारीख मी स्वतः जाऊन घेतली, त्यांना न विचारता, आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांचं ते गप्प बसणं मला मुळीच आवडलं नाही.

बाळ झालं, मुलगी. बारशाच्या आदल्या दुपारी तयार स्वेटर मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि हळूच विचारलं, "बाही लई येगळी दिसती का गं?"

"नाही," मी म्हणाले. "कळतसुद्धा नाही." त्यांच्याशी मी इतक्या वर्षांत बोललेलं हे पहिलं खोटं.

त्या हसल्या. मग डोळे मिटून बोटं फिरवू लागल्या. पाठ झाली, गळा झाला, उजवी बाही झाली. डाव्या बाहीच्या मनगटाशी बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. सुलट टाक्यांच्या ओळीत एक टाका उलट पडला होता. उद्या बारसं, घरात पाहुणे, भटारखान्यात आचारी, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. बोलतात की नाही, एवढीच मला धास्ती होती.

"उसव," त्या म्हणाल्या.

मी तिथेच त्यांच्या गुडघ्याला टेकून बसले आणि टाके सोडायला लागले. सुटलेला धागा त्या पलीकडून बोटांवर गुंडाळत होत्या.