वर ओढायची सवय

कॅनडाला निघालो तेव्हा दौंड स्टेशनवर मला सोडायला आई एकटीच आली. आबा आले नाहीत. दादाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शिरूरकडच्या आमच्या विहिरीचं खोदकाम चालू असताना कड ढासळली आणि दादा खालून ओरडला, "आबा, वर घ्या!" यारीवर, म्हणजे विहिरीतून दगड-माणसं वर ओढणाऱ्या यंत्रावर, आबाच होते. त्यांनी जोर लावून ओढलं. निम्म्यात वायररोप तुटला.

"त्यांच्यावर रागवू नगंस," आई गाडी सुटताना म्हणाली. "त्यास्नी तुझ्याकडं बघवत न्हाई रं." मी रागावलो होतोच.

रांजणगावला कंपनीच्या बसनं शिफ्ट करणारा मी आता कॅल्गरीत शिफ्ट करतो. इथले लोक थंडीत पोराबाळांना घेऊन गोठलेल्या धबधब्यावर चढायला जातात. आपण हुरड्याला जातो तसे, डबे-थर्मास घेऊन! म्हटलं, या लोकांना घरात करमत नाही की काय. दोन हिवाळे मी टाळलं. यंदा मात्र जायचंच म्हणून आमच्या दहा वर्षांच्या लेकीनं, रेवानं जेवण सोडलं, तेव्हा माझी बायको शुभांगी म्हणाली, "जाऊ या हो, किती दिवस भ्यायचं?"

रेवा वर, तिच्या कमरेला बांधलेला दोर बर्फाच्या माथ्यावरून फिरून खाली माझ्या हातात. ट्रेनरनं दोनदा बजावलं होतं: पोरगी घसरली तर दोर घट्ट धर, मग हळूहळू खाली सोड. मी मान डोलावली. कळलंही होतं.

तिच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि ती किंचाळली. मी ओढलं. दोर कमरेला घेऊन मागं मागं चालत सुटलो. "डाऊन, बाबा, डाऊन!" ती रडत होती आणि मी तिला वरच्या बर्फाच्या कपारीत दाबत होतो. आमच्याकडे जीव वाचतो तो वर, खाली नाही. ट्रेनरनं मला धरून थांबवलं तेव्हा रेवाची हनुवटी फुटली होती. त्या दिवशी ती गाडीत माझ्याशेजारी बसली नाही.

व्हिडिओ कॉलवर आईनं टाके पाहिले आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. मागं बाजेवर आबा होते. इतक्या वर्षांत ते कधी फोनवर आले नव्हते. त्यांनी आईच्या हातातून फोन घेतला.

"वर वढलंस?"

"व्हय, आबा."

"मी बी वरच वढलं असतं." त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "पोरगी उतरली ना खाली? मंग झालं."

शुभांगी म्हणते, आता हेच आपलं घर. असेल. पण मी का ओढलं, हे इथं कुणालाच समजावता आलं नाही. आणि तिथं ज्यांना न समजावता कळलं, त्यांचं पोर वर आलं नव्हतं.