पेवावरची खोली

आमचे हे भित्रे होते. बायकोनं नवऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण आता ते नाहीत, आणि खोटं बोलून मला काय मिळायचंय? साखर पेठेत वेणीमाधव मास्तर म्हटलं की लोक मान द्यायचे. घरी मात्र मांजर आडवं गेलं तरी घोटभर पाणी पिऊन मगच शाळेला निघणार.

सगळ्यात मोठी भीती भाडेकरूंची. घराच्या मागच्या अंगाला आमच्या चार खोल्या होत्या. त्या भाड्यानं द्यायच्या म्हणजे यांना धास्ती. तरी लोक सल्ला विचारायला यांच्याकडेच यायचे, आणि हे ऐटीत सांगायचे. खोली देताना माणूस बघू नका, त्याची बायको बघा; तिनं आधी विहीर कुठं विचारलं तर ते बिऱ्हाड टिकतं. पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकलीच पाहिजे, नाहीतर गळक्या घराचा भाडेकरू मालकाला झोपू देत नाही. ऐकणारे माना डोलवायचे. मी आतून म्हणायची, लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कारण कोपऱ्यातली खोली ते कुणालाच देत नव्हते. विचारलं की म्हणायचे, ओल आहे. सोलापुरात आणि ओल! मीच मागं लागले. रिकामं घर उंदरांचं, असं म्हणून म्हणून शेवटी नरसय्याला ती द्यायला लावली. नरसय्या विणकर, तेलंगणातून आलेला. बायको नीलम्मा, दोन लेकरं. यांनी त्याला नाही नाही ते विचारलं. चूल कुठं मांडणार, पाहुणे किती येणार. सांगायचं ते मात्र सांगितलं नाही.

एका रविवारी हे जेवायला बसले होते. मागून धप्प धप्प आवाज यायला लागला. यांचा हात पानावरच थांबला. मी म्हटलं, मागाचा खड्डा खणत असेल. खड्ड्यात पाय सोडून बसल्याशिवाय विणकरांचा माग चालत नाही, पेठेत घरोघर आहे की तो. विणकराला खोली दिली म्हणजे खड्डा आलाच, तो विचारतोय कशाला आणि आपण सांगतोय कशाला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत हे उष्ट्या हातानंच धावत सुटले. चेहरा पांढराफटक. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मीही मागोमाग धावले.

खोलीत जाऊन बघते तर जमिनीत एक फरशी निघालेली, खाली काळंकुट्ट भोक, आणि कुजलेल्या ज्वारीचा आंबूस वास. जुनं पेव होतं ते, पूर्वी धान्य साठवायचे तसलं. नरसय्याला पेव काय माहीत! त्याची पहार आत पडली होती. ती काढायला खांबाला दोर बांधून तो पाय आत सोडून बसला होता. यांनी त्याच्या काखेत हात घातले आणि गच्च धरून ठेवलं.

नरसय्याला वाटलं, जमीन उकरली म्हणून मालक चिडलेत. पहार काढून लगेच बुजवतो म्हणाला.   यांनी मला नुसती खूण केली, कंदील.

मी कंदील पेटवून दोराला बांधून दिला. यांनी तो खाली सोडला. पुरुषभर खाली गेला नाही तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. दिवा जगेना त्या कोंडलेल्या हवेत माणूस काय जगणार? नरसय्यानं हळूच पाय वर घेतले.

नीलम्मा दारात उभी होती, धाकटं कडेवर. तिनं विचारलं, "मालक, तुमाला ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. मलाही वाटलं, नाही म्हणा.

"हो," हे म्हणाले. "लहान होतो मी. येडू म्हणून आमचा गडी होता, तो ह्यात उतरला. मी वरून हाका मारत होतो, ओ आलीच नाही."

संसाराला इतकी वर्षं झाली, पण येडूचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कपाळ माझं!

"माजी लेकरं हितं निजतात," नीलम्मा म्हणाली. "तुमी निजाल का हितं?"

मला राग आला. मालकाला असं विचारायचं? पण ती बोलली त्यात चूक काय होती?

पेव कितीतरी दिवस उघडं ठेवलं, मग मुरूम भरून चोपून घेतलं. घराच्या पुढचा सोपा यांनी नरसय्याला दिला, मागाचा खड्डा तिथं समोर उभं राहून खणून घेतला, आणि स्वतःचं अंथरूण उचलून कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. मी रडले, भांडले. ऐकलं नाही. पुढं कुणी सल्ला विचारायला आलं की एवढंच सांगायचे, घरात काय वाईट आहे ते आधी दाखवा, भाडं मग बोला.

शेवटपर्यंत तिथंच राहिले. भीती काही गेली नाही. कूस वळायच्या आधी हातानं जमीन चाचपायचे. दुपारी आडवे झाले की पुढं मागाची खटखट चालू असायची. सूत तुटलं म्हणून नाहीतर पाणी प्यायला म्हणून नरसय्या जरा थांबला, की हे ताडकन उठून बसायचे आणि मला म्हणायचे, "बघ गं जरा. नरसय्या आहे ना?"

मी रोज उठून बघून यायची.