काजळाची मिशी

माझी बायको सुमन दुकानातून मीठ आणलं तरी आधी जिभेवर ठेवून पाहायची. "काय भरोसा? दुनिया खोटी हाय," म्हणायची. नाचणगावातला भाजीवाला ती येताना दिसली की तराजू पुसून ठेवायचा.

आमच्या पोराला, प्रकाशला, सोळावं सरलं तरी आवाज पोरीसारखा, ओठावर लव नाही. वर्गातली पोरं 'ताई' म्हणायची. शाळा सोडतो म्हणून तो अडून बसला. बाजारातला जडीबुटीवाला काळी भुकटी देत होता. सुमननं ती हुंगली आणि त्याच्याच हातावर ओतली. "आधी तू खा, मंग माह्या पोराले दे." त्यानं काही खाल्ली नाही.

मग वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं मनगटाचा एक्सरे काढायला सांगितला. सुमन भडकली. "मिशी येत नाई, अन् फोटो हाताचा काऊन?"

"हाडांचं वय कळतं त्यात," डॉक्टर म्हणाला. हाडं वयाच्या मागं होती. महिन्याला एक, असं थोडे महिने हार्मोनचं इंजेक्शन देऊ, पुढं शरीर आपणच चालू लागेल, म्हणाला.

"एकदा लावलं का जन्मभर लावा लागन! अन् पुढं लेकरंबाळं नाई झाले त?" तिनं प्रकाशचा हात धरला आणि उठलीच. पोरगं मान खाली घालून उभं.

डॉक्टरनं शांतपणे विचारलं, "बाई, याच्या वडिलांना मिशी कधी आली?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.

"खरं सांगू साहेब? लग्नात याइची मिशी काजळाची होती. अंतरपाट खाली गेला तवा घामानं वघळून राह्यली होती. मी कोणाले बोलली नाई."

इतकी वर्षं बाई गप्प! मला वाटायचं, कोणाला कळलंच नाही.

डॉक्टर हसला. "मग बापाचंच पोरात आलंय. उशीर आहे, आजार दिसत नाही. मिशी तशीही येईल, पण त्याला शाळेत जायचंय ना?" प्रकाश माझ्याकडं बघून हसला. किती दिवसांनी हसला!

सुमन पुन्हा बसली. "लावा. पण शिशी माह्यासमोर फोडा."

पुढं प्रकाश शिकायला नागपूरला गेला. फोनवर त्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता; पहिला फोन आला तर ही ओरडली, "कोण रे तू? प्रकाशले दे!" "आई, मीच," पलीकडून जाड आवाज. फोन ठेवून पदरात तोंड घालून रडली.

ती गेली. आता मीठ मी न चाखताच आणतो.

दहाव्याला नदीवर न्हाव्यानं प्रकाशचं डोकं केलं, मग त्या दाट मिशीला वस्तरा लावला. माझ्या कानाशी तीच बोलली, "अहो, याची मिशी पुन्हा येईल ना?"

"येईल गं, सुमे," मी म्हटलं. न्हावी वस्तरा थांबवून माझ्याकडं पाहू लागला.